कळतं पण वळत नाही

आमचे जावईबापू घरात विमान बांधताहेत ही बातमी फोनवर ऐकली तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो. मुलीच्या सासरची कुठलीही बातमी आली की आधी "बरं" म्हणायचं, फोन ठेवायचा आणि मग बायकोकडे बघायचं, ही आमच्या घरची जुनी रीत आहे. मी बघितलं. ही म्हणाली, "कागदाचं असेल." मला ते पटलं. चाळिशी उलटलेला, दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा आणि भाजीत मीठ नसलं तरी निमूटपणे जेवणारा माणूस खरंखुरं विमान करायला घेईल असं कुणाला वाटेल?

२०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेला गेलो. घरी पोचल्याबरोबर जावईबापूंनी गॅरेजचं दार वर केलं. आत विमान होतं. पंख अजून लावायचे होते. ते भिंतीशी जुन्या दिवाणासारखे उभे करून ठेवले होते. पण धड, शेपूट, दोन खुर्च्या सगळं जिथल्या तिथे. बिचारी गाडी बाहेर उन्हात. "बसा ना बाबा," जावईबापू म्हणाले. ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसायला सांगावं तसं. मी बसण्याआधी हिने लेकीकडून हळदकुंकू मागवलं आणि विमानाच्या नाकाला बोटं लावली. "रोज वाहा," असंही वर लेकीला बजावलं. आमची ही उगाच कुणाला नावं ठेवत नाही, पण कुणावर उगाच विश्वासही ठेवत नाही.

मुलगी आणि जावई राहतात ते गाव डेटन, ओहायो राज्यातलं. हे राइट बंधूंचं गाव. त्यांचं सायकलींचं दुकान इथलंच. सायकलवाल्यांनी विमान केलं, मग कॉम्प्युटरवाल्यानं का करू नये, हा जावईबापूंचा युक्तिवाद. मीही मागे राहिलो नाही. मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, हे मी ऐकवलं. सासऱ्यानं जावयाला जरब बसावी म्हणून काहीतरी ऐकवायचं असतं. परिणाम उलटा झाला. "बघा!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातात रिबिटांचा डबा दिला.

अमेरिकेत हा प्रकार राजरोस चालतो. सुटे भाग विकत मिळतात. अट एवढीच, की अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः, शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी केलेलं असावं. मग सरकारी तपासनीस येऊन बघतो आणि कागद देतो. पहिले पंचवीस ते चाळीस तास प्रवासी न घेता उडवून बघायचं. त्यानंतर कुणालाही शेजारी बसवता येतं. फक्त त्या माणसाला दिसेल अशी एक पाटी आत लावावी लागते. हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांना लागू असलेले सुरक्षेचे नियम ते पाळत नाही, असं त्या पाटीवर स्पष्ट लिहिलेलं असतं. ती पाटी तयार होती. उजव्या खुर्चीपुढे चिकटवायची राहिली होती. उजवी खुर्ची कुणाची, हे विचारायची गरजच नव्हती. तिला मी लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडत असे.

विमान सात महिने एका जागी अडलं होतं. कारण काटे. म्हणजे इंजिनाची प्रकृती दाखवणारी घड्याळं. मला आपलं वाटत होतं, दोनतीन असतील. जावईबापूंनी यादी दाखवली. ऑइलचा दाब, ऑइलचं तापमान, चारही सिलिंडरांच्या डोक्यांचं तापमान वेगवेगळं, चारही सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या धुराचं तापमान तेही वेगवेगळं, इंजिनाचे मिनिटाला फेरे, पेट्रोलचा दाब, तासाला किती पेट्रोल जळतं ते, दोन टाक्यांत किती उरलं त्याचे दोन, आणि विजेचा एक. मोजले तर सोळा भरले. सोळा संस्कारांइतके! आणि यातला शेवटचा संस्कार कुठला असतो तो विचार मी मनातल्या मनात ठेवला.

अडचण निवडीची होती. जुन्या पद्धतीचे गोल काटे घ्यायचे की सगळं एकाच पडद्यावर दाखवणारं यंत्र? गोल काट्याचं म्हणणं असं, की आकडा वाचावा लागत नाही. काटा कलला की नजर टाकताच कळतं. पडद्याचं म्हणणं असं, की मी सगळं लक्षात ठेवतो आणि काही बिघडलं की ओरडतो. गोल काटेवाले म्हणतात, एक काटा गेला तर पंधरा राहतात. पडदा गेला की सोळाही गेले. पडदेवाले म्हणतात, तुमचे सोळा काटे बघता बघता बाहेरचा डोंगर बघायचा राहील. जावईबापूंनी दोन्ही बाजूंची वजनं, किमती आणि गुणदोष मांडून मोठा तक्ता केला होता. लेक म्हणाली, "बाबा, माझ्याशी लग्न करायचं यानं दोन भेटींत ठरवलं होतं." जावईबापू म्हणाले, "तेव्हा पर्याय कमी होते." यावर घरात जी शांतता पसरली ती कुठल्याही काट्यावर दिसली नसती, पण सगळ्यांना कळली.

राइट बंधूंचं बरं होतं. त्यांच्या १९०३ च्या विमानात यंत्रं तीनच. एक वाऱ्याचा वेग मोजणारं, एक इंजिनाचे फेरे मोजणारं आणि एक स्टॉपवॉच. तीही उतरल्यावर वाचायची. उडताना वाचणार कधी, पहिलं उड्डाण होतं १२ सेकंदांचं!

या सोळांपैकी माझा जीव अडकला तो पेट्रोलच्या काट्यांत. कारण पेट्रोल ही गोष्ट मला कळते. जावईबापूंनी समजावलं, की हे काटे सोळांतले सगळ्यात थापाडे. पंख मुळाकडून टोकाकडे किंचित वर उचललेले असतात, त्यामुळे मुळाशी असलेला फ्लोट टाकी पुरती भरायच्या आधीच छताला टेकतो. म्हणजे उडायला लागल्यावर बराच वेळ काटा 'भरलेली' म्हणत राहतो आणि मग एकदम खाली यायला लागतो. आमच्या एका नातेवाइकांची प्रकृती अशीच होती. शेवटच्या आठवड्यापर्यंत ठणठणीत. म्हणून दुसरं एक यंत्र लावतात, ते नळीतून गेलेलं पेट्रोल थेंबाथेंबानं मोजतं. हे फार अचूक. किती गेलं ते बिनचूक सांगतं. मात्र आधी किती होतं ते माणसानं त्याला सांगायचं. माणूस चुकीचा आकडा सांगेल तर ते त्या चुकीतून अगदी तंतोतंत वजाबाकी करत राहतं. मी आयुष्यभर बँकेत होतो. अशा अचूक खात्यांची भीती मला चांगली ठाऊक आहे.

आणि या सगळ्याच्या शेवटी, खाली, दोन खुर्च्यांच्या मधे, एक कॉक. जावईबापू त्याला व्हॉल्व्ह म्हणत, पण मी ओळखला. माझ्या चेतक स्कूटरला होता त्याचाच हा थोरला भाऊ. स्कूटरच्या कॉकला चालू, बंद आणि रिझर्व्ह. याला डावी टाकी, उजवी टाकी आणि बंद. मी विचारलं, "दोन्ही का नाही?" कळलं, की ज्या विमानांचे पंख डोक्यावर असतात त्यांना 'दोन्ही' चालतं, पेट्रोल आपल्या वजनानं खाली येतं. पण पंख खाली असले की पेट्रोल पंपानं ओढून घ्यावं लागतं, आणि पंप मोठा आळशी. दोन्ही नळ्या उघड्या ठेवल्या आणि एक टाकी संपली, तर भरलेल्या टाकीतलं पेट्रोल ओढण्यापेक्षा रिकाम्या टाकीतली हवा ओढणं त्याला सोपं जातं. टाकीभर पेट्रोल असताना इंजिन उपाशी मरतं. म्हणून अर्ध्या तासानं, तासानं, आठवणीनं, हातानं कॉक फिरवायचा. आई की बायको या प्रश्नाला 'दोन्ही' हे उत्तर चालत नाही, वेळ बघून तोंड फिरवावं लागतं, तसंच हे.

पडद्यासाठी जावईबापू काही हजार डॉलर मोजायला तयार होते. कॉकचा मात्र त्यांनी फारसा विचार केला नव्हता. उलट, तो दिसायला ओबडधोबड म्हणून दोन खुर्च्यांच्या मधे कातडी मढवलेला एक सुबक खोका करून त्याच्या झाकणाखाली तो घालायचं ठरवलं होतं. खोक्यावर कोपर टेकता येणार होतं आणि कॉफीचे दोन पेले ठेवायला दोन भोकं होती. लेकीला ती भोकं फार आवडली होती.

पुढच्या शनिवारी एक म्हातारा आला. अशी विमानं बांधणाऱ्या हौशी लोकांची तिथे मोठी संघटना आहे, १९५३ पासूनची. तिच्यातली अनुभवी माणसं नवख्याचं काम बघायला घरी येतात, पैसे न घेता. हा जन्मभर विमानांखाली आडवा पडून काम केलेला गृहस्थ. ऐंशीच्या घरातला. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळत होतं, उरलेलं निम्मं जावईबापू सांगत. त्यानं रिबिटांवरून बोट फिरवलं, मान डोलावली. तक्ता बघितला, मान डोलावली नाही. मग विचारलं, "उजवीकडे कोण बसणार?" जावईबापू म्हणाले, "बायको." "बोलवा." लेक बाजारात गेली होती. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी लेकीच्या वतीनं उजव्या खुर्चीत बसलो.

मला चार पट्ट्यांनी खुर्चीला आवळलं. शेजारी जावईबापूंनाही आवळलं. मग म्हाताऱ्यानं हिची ओढणी मागून घेतली आणि त्यांचे डोळे बांधले. माझ्यासाठी माझाच रुमाल. "डावी टाकी संपली," तो म्हणाला, "इंजिन बंद पडलंय. दुसऱ्या टाकीवर घ्या." घड्याळ त्याच्या हातात होतं.

जावईबापूंचा हात झाकणावर गेला. माझाही गेला. विमान त्यांनी स्वतः बांधलेलं, प्रत्येक रिबिट त्यांच्या ओळखीचं, पण माझा हात त्यांच्या ओळखीचा नव्हता. दोघांच्या बोटांची झटापट झाली. झाकण उघडलं ते माझ्या मनगटावर मिटलं. पेल्याच्या भोकात माझा अंगठा अडकला. जावईबापूंनी पट्ट्यांतून वाकायला बघितलं तर पट्ट्यांनी त्यांना मागे ओढलं. अखेर माझ्या हाताला कॉक लागला आणि मी तो मोठ्या अभिमानानं फिरवला.

रुमाल सोडून बघितलं तर काटा 'बंद'वर.

ही दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. म्हातारा हसला नाही. तो एका उलट्या बादलीवर बसला आणि त्यानं जॉन डेन्व्हरची हकीगत सांगितली.

'कंट्री रोड्स'वाला जॉन डेन्व्हर. त्याची गाणी आमची लेक कॉलेजात असताना गिटारवर वाजवत असे आणि शेजारी भिंतीवर ठोकत असत. त्याला विमानांचं वेड होतं. त्यानं बर्ट रुटान या नामांकित माणसाच्या आराखड्यावरून बांधलेलं एक छोटं विमान घेतलं. बांधणारा दुसराच कुणी हौशी होता. मूळ आराखड्यात पेट्रोलचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मधे, हाताशी होता. बांधणाऱ्याला वाटलं, माणूस बसतो तिथे पेट्रोलच्या नळ्या नकोत. विचार वाईट नव्हता, सुरक्षेचाच होता. म्हणून त्यानं कॉक डाव्या खांद्याच्या मागे नेला. कॉकवर खुणा नव्हत्या. किती पेट्रोल आहे ते दाखवणाऱ्या नळ्याही पाठीमागे, त्यांच्यावरही आकडे नव्हते, आणि बसल्या जागेवरून त्या दिसत नव्हत्या. कॉक हाताला येत नाही हे डेन्व्हरला कळलं होतं. उड्डाणाच्या आधी त्यानं आणि तिथल्या मेकॅनिकनं कॉकला पकड लावून दांडा लांब करून बघितला, जमलं नाही. मागच्या नळ्या बघायला मेकॅनिकनं त्याला छोटा आरसासुद्धा दिला. पेट्रोल भरायचं का विचारलं, तर तासभरच जायचंय, नको म्हणाला. १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागरावर ते विमान कोसळलं. तो ५३ वर्षांचा होता. चौकशीत निघालेला निष्कर्ष असा, की कॉक फिरवायला वळताना त्याचं लक्ष विमानावरून उडालं आणि नकळत उजवा पाय दाबला गेला. पेट्रोल न भरणं, त्या विमानाची पुरेशी सवय नसणं आणि बांधणाऱ्यानं कॉक तिथे नेणं, हे सगळं त्या निष्कर्षात हातभार म्हणून लिहिलेलं आहे.

"त्याला सगळं माहीत होतं," म्हातारा म्हणाला. "फक्त हात पोचत नव्हता."

एवढं वाक्य मला जावईबापूंच्या मदतीशिवाय कळलं.

आपल्याकडे मराठीत याला चार शब्द आहेत: कळतं पण वळत नाही. लहानपणापासून हे वाक्य मी ऐकत आलो, बहुधा माझ्याच बाबतीत. पण त्यातलं 'वळणं' इतकं शब्दशः असेल असं कधी वाटलं नव्हतं. काटा कळवतो, वळवायचं काम कॉकचं. आणि आपण सगळे पैसे कळण्यावर खर्च करतो. माझंच घ्या. घरात रक्तदाबाचं यंत्र आहे, साखरेचं आहे, वजनाचा काटा आहे. २०१६ पासूनचे सगळे रिपोर्ट मी तारीखवार फायलीत लावून ठेवले आहेत. डॉक्टरांनी फाइल बघून माझं कौतुक केलं. साखर त्या फायलीत दरवर्षी नियमितपणे वाढत गेलेली दिसते. रिपोर्ट फायलीत लावला की आपण काहीतरी केलं असं वाटतं, हाच त्यातला धोका. आमच्या ब्लॉकमध्ये पाण्याचा मुख्य कॉक शेजाऱ्यांच्या बाथरूमच्या माळ्यावर आहे. बांधणाऱ्याला भिंत स्वच्छ दिसायला हवी होती. नळ फुटला की आम्हाला लगेच कळतं. शेजारी गावाला गेलेले असतात.

मग प्रश्न असा, की माहीत असणं म्हणजे कर्तव्य केल्यासारखं होतं का? आणि दुसऱ्याला सांगून टाकलं म्हणजे आपली सुटका होते का? ती पाटी बघा. हे विमान हौशी माणसाचं आहे, असं लेकीला लेखी कळवून ठेवलं. तिनं वाचलं. कायद्याचं काम झालं. पण झाकणाखालचा कॉक तिच्या हाताला आला नाही तर त्या पाटीचा तिला उपयोग काय? डेन्व्हरच्या विमानाच्या बांधणाऱ्यानं कॉक नेला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे तो स्वतः होता, त्याचा हात, त्याची सवय. पुढे कुणी परका त्या खुर्चीत बसेल, हे त्याच्या मनातही नसेल. आपण करतो ती प्रत्येक वस्तू कधीतरी परक्याच्या हातात जाते, आणि तेव्हा ती समजावून सांगायला आपण तिथे नसतो.

जावईबापूंना मी हे सगळं बोललो नाही. त्यांनीच विचारलं, "पण काटा नसेल तर कॉक कधी फिरवायचा ते कळणार कसं?" प्रश्न बरोबर होता. म्हातारा म्हणाला, काटे हवे तेवढे घ्या. फक्त प्रत्येक काट्यापुढे लिहा, की हा लाल झाला तर माझा हात काय करील. ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही तो काटा म्हणजे शोभा. जावईबापूंनी त्या रात्री तक्त्यात नवा रकाना काढला. ऑइलचा दाब पडला, तर जवळात जवळ जिथे उतरता येईल तिथे उतरायचं. सिलिंडरचं डोकं तापलं, तर विमानाचं नाक थोडं खाली घ्यायचं, म्हणजे हवा जास्त लागते. असं करत करत सोळाच्या सोळा काट्यांपुढे काहीतरी लिहिलं गेलं आणि एकही कमी झाला नाही! इंजिनियर माणसाला रकाना रिकामा ठेवणं जमत नाही. पण पेट्रोलच्या काट्यापुढे 'कॉक फिरवायचा' असं लिहिल्यावर त्यांचा हात थांबला. मग त्यांनी त्याखाली लिहिलं, 'खोका काढायचा.'

त्या रात्री जेवताना मला राहवलं नाही. १९८६ च्या पावसाळ्यातली एक गोष्ट माझ्या पोटात अडतीस वर्षं होती. लेक चार वर्षांची. रात्री अकराला १०४ ताप, पोर डोळे उघडेना. हिच्या मांडीवर तिला दिलं आणि स्कूटर काढली. बरोबर नळस्टॉपला गाडी गचके खात थांबली. काही हरकत नाही, वाकायचं, कॉक रिझर्व्हला घ्यायचा, किक मारायची. तरुण वाचकांसाठी सांगतो, माझ्या त्या स्कूटरला पेट्रोलचा काटाच नव्हता. टाकीत एक नळी उंच उभी असे. पेट्रोल तिच्या तोंडाखाली गेलं की गाडी थांबे, मग कॉक फिरवून तळाचं पेट्रोल घ्यायचं. गाडी थांबणं हाच काटा. मी वाकलो, तर कॉक आधीच रिझर्व्हवर. चार दिवसांपूर्वी मी रिझर्व्हला लावला होता, आणि त्यानंतर पाच रुपयांचं पेट्रोल भरून तो परत फिरवला नव्हता. त्या चार दिवसांत रोज मला आठवत होतं. उद्या फिरवू, उद्या टाकी भरू. कळत होतं. हिला मी म्हणालो, "कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय." ते खोटं मी पुढे एवढ्या वेळा सांगितलं, की मलाही कार्ब्युरेटरचा राग येऊ लागला.

जावईबापू ताटाकडे बघत होते. लेक माझ्याकडे बघत होती. ही आमटी वाढत होती.

"मला माहीत होतं," ही म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"कॉक फिरवला की तुमच्या स्कूटरचा टक्क असा आवाज यायचा. त्या रात्री तुम्ही वाकलात आणि आवाज आलाच नाही. लगेच सरळ झालात."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलून पोरीचा ताप उतरणार होता? समोरून रिक्षा येत होती. ती थांबवली."

हे खरं होतं. पोरीला खांद्यावर टाकून, पावसात, रस्त्याच्या मधोमध उभी राहून तिनं ती रिक्षा थांबवली होती. मी तोवर स्कूटर आडवी करून टाकीत कान लावून ऐकत होतो. टाकीत काही नाही हे मला ठाऊक होतं. तरी खात्री करून घेत होतो. एवढी वर्षं मला वाटत होतं, की त्या रात्री मी लपवलेली गोष्ट माझं खोटं ही होती. खरी गोष्ट ही, की दोघांनाही कळलं होतं, आणि वळली ती एकटी.

खोका निघाला. कॉक खुर्च्यांच्या मधे, पुढे, दोघांच्या हाताला येईल असा उघड्यावर आला. जावईबापूंनी नवा कॉक मागवला. इंग्लंडात केलेला. त्याची मूठ जिकडे वळेल तिकडची टाकी, आणि प्रत्येक जागेवर तो बोटाला कळेल असा टक्क थांबतो. 'बंद'वर न्यायचा तर आधी एक कळ वर उचलावी लागते, म्हणजे सासरेबुवांनीही चुकून बंद करू नये. किंमत ऐकून मी "बरं" म्हणालो. लेकीचे डोळे बांधून परीक्षा घेतली. दोन सेकंदांत तिचा हात कॉकवर. कॉफीची भोकं गेली याचं तिला वाईट वाटलं. तिच्या मांडीत थर्मास ठेवायचं ठरलं.

आम्ही परत आलो त्यानंतर काही महिन्यांनी विमान उडालं. जावईबापू एकटेच उडवत होते. मोजून चाळीस तास. परवा रात्री फोन आला, की तास भरले, रविवारी दोघं जाणार, हवा छान आहे. लेक बोलत असताना मी फक्त एवढंच विचारलं, "पाटी लावली?" म्हणाली, "लावली." "कॉक?" फोनमधून काही बोलणं आलं नाही. ती गॅरेजात उभी असावी. मग दोनदा ऐकू आलं. टक्क. टक्क.

मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि बायकोकडे बघितलं. तिनं तोवर माझ्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून यंत्र चालू केलं होतं. आकडा आला. मी सवयीनं वहीकडे हात नेला.

"लिहून झालं की काय करणार ते सांगा," ही म्हणाली.

मी वही मिटली आणि लोणच्याची बरणी मुकाट्यानं तिच्याकडे सरकवली.